अव्वाचं माणूस

"अहो, हितं बघा की! ह्या पोरीनं लिंबू गिळलंय काय?"

काळ्या पडद्याआड एक्स-रे काढणारा माणूस कुणाला तरी सांगत होता. दुसरा कुणीतरी हसला. मग पहिला पुन्हा म्हणाला, जरा घाबरूनच, "न्हाय वो, चेष्टा न्हाय. मधोमध हाय. गोल. चांगलं लिंबाएवढं."

पडद्याच्या अलीकडे बाकावर मी आणि अव्वा बसलो होतो. अव्वा म्हणजे माझी आजी, बाबांची आई. बाबा तिला अव्वा म्हणायचे, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणायचो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या ब्लाउजच्या गळ्याकडे पाहिलं. आणि दोघींना एकदमच कळलं की ते लिंबू कुठलं!

आम्ही लिंगायत. इष्टलिंगाची चांदीची डबी लहानपणी एकदा गळ्यात आली की ती अंगापासून दूर करायची नसते. एक्स-रेवाल्यानं मला आत घेताना विचारलं होतं, "गळ्यातलं, कानातलं काढलं का?" मी सोनसाखळी काढून अव्वाच्या हातात दिली होती आणि मान हलवली होती. डबी आम्ही दागिन्यांत धरतच नाही. ती काढायची असते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आता आलं, तर पडद्याआड जाऊन सांगायला मला तोंड उघडेना. मी तशीच होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, हात वर करून परवानगी मिळाल्याशिवाय बोलायचं नाही अशी शिस्त. ती माझ्यात अशी मुरली होती की कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आले तरी घराबाहेर माझा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता.

अव्वा उठली, पडदा बाजूला केला आणि म्हणाली, "लिंबू न्हाई बाबा, देव हाय त्यो. परत काढ फोटू."

"मग देव काढून ठेवा की आजी."

"काढायचा न्हाई. ती मुठीत धरंल. आंगापासनं लांब न जावं, एवढंच हाय. शिवाला काय, गळा काय अन् हात काय."

मी डबी मुठीत घट्ट धरली, श्वास रोखला, यंत्र गुरगुरलं. तो माणूस खुशीत म्हणाला, "हे बेस झालं! आजवर कुणी सांगितलंच न्हाय. आता सगळ्यांनाच सांगतो की, मुठीत धरा म्हणून."

दुसऱ्या प्लेटवर लिंबू नव्हतं. पण त्याच्या मागं जे लपलं होतं, ते आता स्वच्छ दिसत होतं.

डॉक्टर इंग्रजीत बोलले

हे मी कशासाठी लिहिते आहे ते आधी सांगते. तुमच्यापैकी कुणाला किंवा तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर तो पहिला दिवस कसा जातो ते मला ठाऊक आहे. मी त्यातून बाहेर आले. चांगली ठणठणीत आहे, जिने चढते, भांडते, दोन भाकऱ्या खाते. पण मला औषधांबद्दल लिहायचं नाही, ते डॉक्टर सांगतीलच. मला अव्वाबद्दल लिहायचं आहे. लिहायला बसले की हात इतका पळतो की शब्द मागं राहतात!

तर त्या दिवशी डॉक्टरांनी प्लेट उजेडाला धरली आणि बाबांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. बाबांचं भुसार मालाचं दुकान होतं, व्यापारापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं. आजीला आणि पोरीला कळू नये असा डॉक्टरांचा चांगला हेतू असावा. पण त्यांना काय माहीत की माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालंय! छाती दोन्ही बाजूंनी धरली आहे, काही महिने दवाखान्यात ठेवावं लागेल, त्यानंतरही औषध बराच काळ चालेल, घरच्यांना जपा, हे सगळं मी शब्द न शब्द ऐकलं. चेहरा मात्र काही न समजल्यासारखा ठेवला. ते मला चांगलं जमायचं.

बाहेर आल्यावर अव्वानं मला हळूच कोपरखळी मारली. "काय म्हणला गं त्यो?"

"टीबी," मी म्हणाले.

तो शब्द उच्चारल्यावर मला वाटलं, आता ही मट्‌कन खाली बसेल. अव्वानं पदर खोचला. "मग? औषध हाय न्हवं त्याला?"

"आहे."

"मग अंजबॅड," ती म्हणाली. अव्वा अक्कलकोटकडची. जीव लावायची वेळ आली की तिची कन्नड बाहेर यायची. अंजबॅड म्हणजे भिऊ नको.

माझी भीती पळाली असं मी सांगणार नाही. पण तिनं ज्या सुरात विचारलं, कुलपाला किल्ली आहे ना असं विचारावं तसं, त्यानं मला त्या दिवशी घरापर्यंत चालत नेलं.

कुर्डुवाडीची गोष्ट

घरी गेल्यावर बाबांनी दार लावून घेतलं. "कुणाला कळता कामा नये," ते म्हणाले. "पोरीचं लग्न व्हायचंय अजून. एकदा नाव लागलं की जन्मभर पुसलं जायचं नाही."

बाबांवर रागावू नका. आमच्या गल्लीत एका घरी हा आजार झाला होता, तेव्हा त्यांच्या नळावरून पाणी भरायचं लोकांनी सोडलं होतं. बाबांनी ते पाहिलं होतं. हे छापून येईल तेव्हा पहिल्यांदा तेच वाचतील आणि शुद्धलेखनाच्या चुका काढतील. पण तेव्हा ते घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस दारं लावतो.

लोकांना सांगायचं ते असं ठरलं. मी कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी करणाऱ्या मामाकडे गेले आहे, शिवणाच्या क्लासला. आणि खरोखर मी जाणार होते ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दवाखान्यात, बायकांच्या टीबीच्या वॉर्डात.

इथं एक घोटाळा होता. अव्वा वर्षानुवर्षं दर सोमवारी त्याच दवाखान्यात जायची! सोमवारी तिचा उपवास. स्वतः पाण्याच्या घोटावर राहून ती पहाटेपासून पातळ कडक भाकऱ्या थापायची, शेंगांची चटणी कुटायची, पाटीत भरायची आणि ज्यांना डबा आणणारं कुणी नाही अशा खेड्यापाड्यांतल्या पेशंटांना वाटून यायची. आम्हाला घरात त्याचं एवढंच माहीत होतं की सोमवारी स्वयंपाकघरात चटणीचा खमंग वास असतो आणि अव्वा दुपारी घरी नसते.

"अव्वा, तू आता तिथं जायचं बंद कर," बाबा म्हणाले. "तू हिच्या खाटेपाशी बसलीस की संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"ते जमायचं न्हाई," अव्वा म्हणाली. "तितं बाया वाट बगत्यात."

खूप वेळ वाद झाला. आई मध्ये पडली, मग आईच रडली. शेवटी अव्वानं बाबांच्या हातावर हात ठेवला. "ही माझी नात हाय म्हणून मी सांगणार न्हाई. शब्द देते. पर कुणी समोरून विचारलं तर खोटं बी बोलणार न्हाई."

बाबा म्हणाले, "तुला विचारणार कोण?"

वॉर्ड

पहिल्या दिवशी सगळं पांढरं आणि फिनाइलच्या वासाचं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याला आकार यायला लागला. सकाळी ताप मोजायचा, मग सुई, मग मूठभर गोळ्या, मग दूध, मग पडून राहायचं. सुईच्या वेळेला सगळ्या बायका एकमेकींची थट्टा करायच्या. थट्टेशिवाय ती सुई सोसण्यासारखी नव्हती.

माझ्या उजव्या हाताला लक्ष्मक्का. विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, हसरी. घरी मागं लहान मूल ठेवून आलेली. डावीकडे सोनाबाई, नातेपुत्याकडच्या शेतकरणी. त्यांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जायचा तसाच वॉर्डात यायचा.

"काय गं, बोलत न्हाईस ती?" सोनाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "जीभ घरीच ठिवून आलीस व्हय?"

मी नुसती हसले. त्यांनी माझं नाव 'मुकी मैना' ठेवलं.

डॉक्टरांनी दूध आणि अंडी खायला सांगितली होती. आमच्यात अंड्याचं नावसुद्धा घेत नाहीत. मी गळ्यातल्या डबीशी चाळा करत राहिले. लक्ष्मक्का ओरडली, "डॉक्टर, ही लिंगायताची आहे, हिला दुसरं काय ते सांगा!" डॉक्टर म्हणाले, "मग शेंगा खा. सोलापुरात राहून शेंगांना काय तोटा!" पुढं जे माझ्या अंगावर मांस चढलं ते शेंगांचंच आहे.

आई रोज दुपारी डबा घेऊन यायची, तोंडावर पदर घेऊन, कोपऱ्या कोपऱ्यानं. जवळ बसून गल्लीतल्या बातम्या सांगायची. तिनं एव्हाना कुर्डुवाडीत माझा मोठा संसारच उभा केला होता. शेजारच्या गौराकाकू रोज काहीतरी विचारायच्या आणि आईला काहीतरी उत्तर द्यावं लागायचं. मी म्हणे दोन झबली शिवली होती. मग परकर. मग काज करायला शिकले. "आज गौराकाकूंनी नमुना मागितलाय, कळीच्या बाहीचा," आई म्हणाली आणि मला इतकं हसू फुटलं की खोकला लागला. आई मात्र हसली नाही. ती डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा काढत आणि लावत होती. आजाराइतकंच ते खोटं आमच्या घराला पोखरत होतं, हे मला त्या हातांवरून कळलं.

ही कोण नवीन?

आणि मग सोमवार आला!

दुपार टळताना सोनाबाई एकदम उठून बसल्या. "आली गं आली!" सगळा वॉर्ड खाटांवर सरसावून बसला. दारात अव्वा उभी होती. कंबरेवर पाटी, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं, कपाळावर भस्माची तीन बोटं. माझं काळीज इतक्या जोरात उडायला लागलं की वाटलं, सिस्टर धावत येऊन नाडी बघेल.

अव्वा एकेका खाटेपाशी थांबत येत होती. प्रत्येकीला एक भाकरी, एक चिमूट चटणी, एक प्रश्न. "ऊटा आत?" म्हणजे जेवलीस का. मग त्या त्या बाईची चौकशी. लक्ष्मक्कापाशी मात्र ती पाटी खाली ठेवून उभी राहिली. "तुझ्या घरी गेलते सकाळी," ती म्हणाली. "पोरगी चालाय लागली तुझी. अशी..." आणि अव्वानं, माझ्या सत्तरीच्या अव्वानं, हात दोन्ही बाजूंना पसरून वॉर्डाच्या मधोमध डुगडुगत चार पावलं टाकली आणि शेवटी बदकन खाली बसून दाखवलं! बायका खो खो हसल्या. लक्ष्मक्का हसत होती आणि डोळे पुसत होती. आपल्या लेकीचं पहिलं पाऊल तिनं असं पाहिलं.

मला काहीच ठाऊक नव्हतं. एका घरात राहून, एका ताटात जेवून, मला माझी अव्वा ठाऊक नव्हती.

मग ती माझ्यापाशी आली. चेहरा असा कोरा की कुणी शपथेवर सांगावं, हिनं ह्या पोरीला आधी कधी पाहिलेलं नाही.

"ही कोण नवीन?"

सोनाबाई म्हणाल्या, "मुकी मैना हाय. बोलत न्हाय."

"नाव काय गं पोरी तुजं?"

मी नाव सांगितलं, पुटपुटत.

"आँ? मला म्हातारीला ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोल."

बाहेरच्या खोलीत बसून आतलं दूध उतू चाललेलं ज्या कानांना ऐकू यायचं, ते हे कान! मी मोठ्यानं नाव सांगितलं. वॉर्डातल्या बायकांनी पहिल्यांदा माझा आवाज ऐकला.

"घरी कोण कोण?"

"आई. बाबा. आणि आजी."

"आजी कशी हाय? चांगली, का खवट?"

तिचे डोळे. अरे देवा, तिचे डोळे! आत चांदण्या फुटत होत्या आणि वर चेहरा दगडाचा. मलाही कुठून सुचलं कुणास ठाऊक. "खवट आहे," मी म्हणाले. "फार खवट."

वॉर्ड खदखदून हसला. "असंल बाई," अव्वा म्हणाली. "म्हातारी माणसं खवटच असत्यात." आणि तिनं भाकरी माझ्या हातात दिली. देताना तिचा अंगठा माझ्या तळहातावर क्षणभर दाबून राहिला. बस, तेवढंच. पुढच्या खाटेकडे निघून गेली.

ती भाकरी मी पाण्याबरोबर कुरुमकुरुम करून अख्खी खाल्ली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हापासून सोमवार म्हणजे आमचा खेळ झाला. ती दर वेळी काहीतरी विचारायची, मी उत्तर द्यायचे, आणि दर वेळी तिला थोडं जास्त बहिरेपण यायचं. शाळेत काय शिकलीस? इंग्रजीत भाकरीला काय म्हणत्यात? त्यांना भाकरीच न्हाई? मग जगत्यात कशी? हळूहळू मी इतर बायकांशीही बोलायला लागले. आठवडाभर मी उत्तरं तयार करायचे. ज्या दिवशी मी सगळ्यांसमोर "अजून एक भाकरी द्या" म्हणाले, त्या दिवशी अव्वाचा खेळ मोडता मोडता राहिला. ती खिडकीकडे वळली, पाटीवरचं फडकं उगाच झटकत राहिली, आणि मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भूक लागली गं पोरीला! भूक लागली!"

जे आजारी आहेत त्यांना सांगते, वजनकाट्याच्या आधी भूक सांगते की आपण बरे होतो आहोत. आणि बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. आमच्या वॉर्डात तसं करून परत आलेल्या बायका होत्या. सोनाबाई त्यातल्याच. त्या स्वतःच सगळ्यांना दरडावायच्या.

कसली आजी ती

पण खेळाला एक काटा होता.

बायकांच्या लक्षात आलं होतं की माझी आई येते, कधी अंधारून आल्यावर टोपी पुढं ओढून बाबा येतात, पण ती आजी काही येत नाही. एका सोमवारी अव्वा वाटप करत असतानाच सोनाबाईंनी तोंड सोडलं.

"कसली गं तुजी आजी ती? नात हितं पडलीया अन् ही घरात बसून माळ ओढतीया व्हय? जीव तरी हाय का तिला?"

"लाजत असेल," लक्ष्मक्का म्हणाली. "टीबीची नात म्हणून."

"लाजंना का! ह्या अव्वाकडं बघ. परकी असून..." सोनाबाई खाटेवर सरळ उठून बसल्या. "मी रगत वकत हितं आले तवा माजं डोसकं हिनं मांडीवर धरलं हुतं. माज्या घरचं कुणी शिवत नव्हतं. तुज्या त्या आजीला म्हणावं, ये हितं, अन् हिच्या पायाचं पाणी पी."

मी अव्वाकडे पाहिलं. ती माझ्याच खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी काहीतरी बोलावं, असं एक क्षण मला वाटलं. पण बाबांना दिलेला शब्द, गल्ली, लग्न, सगळं आडवं आलं. डबी मुठीत धरली होती, ती तशीच आवळत राहिले.

"खरं हाय," अव्वा शांतपणे म्हणाली. "यायला पायजे हुतं तिनं." आणि पाटी उचलून पुढं गेली.

त्या दिवशी तिनं मला प्रश्न विचारला नाही.

जे ती मागं ठेवून गेली

अव्वा आता नाही. मी बरी होऊन घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी पूजेला बसल्या बसल्या ती गेली. डाव्या तळहातावर इष्टलिंग तसंच होतं. आमच्याकडे जाताना ते बरोबरच देतात.

रडले खूप. पण खरं सांगते, तिची आठवण आली की मला आधी हसू येतं, मग रडू. सोमवारची पाटी आता माझ्याकडे आहे. माझ्या भाकऱ्या तिच्यासारख्या पातळ होत नाहीत, आणि बायका तोंडावर सांगतात, "अव्वाची सर न्हाय." मला ते ऐकायला इतकं आवडतं! आणि लक्ष्मक्काची ती मुलगी मला दारातून बघितलं की पळत येते.

पण हे सगळं ज्या दुपारी सुरू झालं, तिथं मला परत जायचं आहे.

तुमचं माणूस कोण?

संक्रांत आणि तेव्हाची गड्ड्याची जत्रा जवळ आली होती. सिद्धेश्वराच्या काठ्यांचा, म्हणजे खांद्यावर पेलायच्या उंच नंदीध्वजांचा, सराव सुरू झाल्याचं आईनं सांगितलं होतं. माझी नवी प्लेट चांगली निघाली होती आणि मला काठ्यांची मिरवणूक बघायला घरी जायला मिळणार का, ह्याच विचारात मी हवेत तरंगत होते.

त्याच आठवड्यात जुन्या सिस्टर बदलून गेल्या होत्या. नव्या सिस्टर तरुण, कडक, इस्त्रीच्या. गर्दीनं पेशंटांना त्रास होतो हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांनी दाराशीच टेबल लावलं होतं. येणाऱ्याला आधी विचारायचं, तुमचं माणूस कोण, आणि मगच आत सोडायचं.

सोमवारची दुपार. दारातून पहिल्यांदा कोण आत आलं असेल? गौराकाकू! आमच्या शेजारच्या, कळीच्या बाहीचा नमुना मागणाऱ्या गौराकाकू. सोनाबाईंच्या पलीकडे कालच आलेली बाई त्यांची लांबची नणंद निघाली. काकूंनीही तोंडावर पदर घेतला होता आणि चोरासारखं इकडंतिकडं बघत त्या खाटेशी बसल्या. मी डोक्यावरून चादर ओढून घेतली. कुर्डुवाडी माझ्यापासून दोन खाटांवर येऊन बसली होती!

चादरीआडून मला दार दिसत होतं. अव्वा आली. कंबरेवर पाटी.

"थांबा आजी. तुमचं माणूस कोण?"

अव्वा हसली. "सगळीच की."

"असं नाही चालणार. नाव सांगा. खाट कोणती?"

"अव्वा हायत वो त्या!" सोनाबाई ओरडल्या. "येऊ द्या की आत!"

"त्यांचं नाव विचारलं नाही मी. ज्यांचं माणूस इथं आहे त्यांनीच आत यायचं, नियम आहे. आज एकीला सोडलं की उद्या सगळा गाव येईल." सिस्टर अव्वाकडे वळल्या, आवाज जरा मऊ केला. "आजी, सरळ सांगा. इथं तुमचं कुणी आहे का? असेल तर आहे म्हणा. नसेल तर नाही म्हणा."

सगळा वॉर्ड अव्वाकडे बघायला लागला.

तिला शब्दांची वाण पडलेली मी जन्मात पाहिली नव्हती. 'आहे' म्हणावं तर मुलाला दिलेला शब्द मोडतो. 'नाही' म्हणावं तर खोटं, आणि तेही असं खोटं. तुला विचारणार कोण, असं बाबा म्हणाले होते. आता कुणीतरी समोरून विचारलं होतं.

तिनं पाटी ह्या कंबरेवरून त्या कंबरेवर घेतली. वॉर्डातल्या एकेका खाटेकडे पाहिलं. लक्ष्मक्काकडे, सोनाबाईंकडे, त्या नव्या बाईकडे. माझ्या खाटेवरून तिची नजर अशी पुढं गेली की जणू तिथं कुणी झोपलेलंच नाही. मला लपवायला ती त्या दारात एकटी उभी होती.

"नाही ना कुणी?" सिस्टर म्हणाल्या. "मग ती पाटी इथं ठेवा, मी वाटायला सांगते. तुम्ही जा घरी."

अव्वानं पाटी टेबलावर ठेवली. फडकं नीट केलं. आणि वळली.

तिची पाठ मला दिसली. जरा वाकलेली, पदर खांद्यावरून घसरलेला. माझ्या मुठीत डबी होती. काळीज धडधडत होतं, पण ते भीतीनं नव्हतं, उलट काठ्या वेशीत आल्यावर हलग्या वाजायला लागतात तसं होतं. मी चादर फेकली. उठून बसले. गौराकाकूंचा पदर तोंडावरून खाली आलेला मला कोपऱ्यातून दिसला. आणि माझा दुसरा हात, शाळेत शिकवला होता तसा, सरळ वर गेला.

"काय हवंय?" सिस्टर गोंधळून म्हणाल्या. "बोल की."

अव्वा दारात थांबली. मागं वळली. तिनं मान हलवली, नको, नको.

मी इतक्या मोठ्यानं बोलले की बहिऱ्यालाही ऐकू जावं.

"सिस्टर, तिचं माणूस मी आहे. न येणारी ती खवट आजी हीच. ही माझी अव्वा आहे!"